भंगारवाला नेतो, पण पुढं काय?

‘ई-कचऱ्याची ओरड म्हणजे निव्वळ कांगावा. ९५ टक्के माल आपले भंगारवाले रिसायकल करतात, युरोपलाही ते जमलं नाही. कोल्हापूरच्या फौंड्र्या भंगारावरच चालतात की! खरा कचरा परदेशातून जहाजानं येतो. आणि एका मोबाइलात अर्धा ग्रॅम सोनं असतं, फुकट देऊ नका.’ हा मेसेज पेठेपासून कॉलनीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. खाली अंगठ्यांची रांग.

आधी ते ९५ टक्के. आकडा हवेतला नाही, पण अर्थ उलटा लावलाय. देशातला सुमारे ९५ टक्के ई-कचरा असंघटित क्षेत्राच्या हातात जातो, असं अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलं जातं. हातात जातो, त्याचं पुढं काय होतं, ते त्या आकड्यात नाही. गोळा करण्यात आपला भंगारवाला पटाईत आहे, हे मान्यच. तीन जिने चढून बंद टीव्ही उतरवतो आणि वर पैसेही देतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर भिजून बाद झालेले फ्रिज-टीव्ही घराबाहेर आले, तेव्हा त्याच्याशिवाय कुणाचं चाललं असतं?

घोळ पुढं आहे. कॉम्प्रेसर सोडवायला फ्रिजची नळी कापली की आतला गॅस हवेत. जुन्या फ्रिजातला आर-१२ नावाचा गॅस तर ओझोन खातो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवतो. पत्रा आणि तांबं विकलं जातं, फोम मिळेल त्या खड्ड्यात. वायरी जाळून तांबं काढताना पीव्हीसी जळतं, त्यातून डायॉक्सिन हे घातक विष निघतं. आतले सर्किट बोर्ड हातोहात दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पोचतात, कुठं जाळले जातात, कुठं ॲसिडमध्ये बुडवले जातात. उरलेलं ॲसिड गटारात.

फौंड्रीचा दाखला आपल्याला गोड वाटतो, म्हणून जास्त फसवतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवलं की बीडच मिळतं. बोर्डात मात्र तांबं, कथील, जुन्या मालात शिसं, कणभर सोनं आणि पॅलेडियम, काचतंतू, आग रोखणारी ब्रोमिनची रसायनं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. शिशाचा अंश जरी भट्टीत टाकायच्या मालात शिरला तरी कास्टिंगची ताकद जाते. शिरोलीतल्या कुठल्याही भट्टीवर विचारा. ई-कचऱ्याचा लोखंडी सांगाडा फौंड्रीला चालेल, पण विष सांगाड्यात नसतंच.

आता सोनं. अमेरिकेत झालेल्या हिशेबानुसार दहा लाख मोबाइलांत सुमारे ३४ किलो सोनं निघतं. म्हणजे एका फोनात ०.०३४ ग्रॅम, आणि गुजरीतल्या सराफाच्या तोळ्याला जवळपास तीनशे फोन. तेही सगळं हाती लागलं तर. बेंगळुरूच्या घरगुती धंद्यांवर झालेल्या अभ्यासात जेमतेम २५ टक्के सोनं निघत होतं. धातू वितळवून वेगळे करणाऱ्या आधुनिक स्मेल्टरमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास निघतं. म्हणजे ज्याला आपण ‘काही वाया जात नाही’ म्हणतो, त्यात चारातलं तीन भाग सोनं वाया जातंय. हुपरीच्या चांदीच्या कारखान्यात इतकी घट दाखवून बघा बरं!

जहाजाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. चोरटी आयात होते, धोकादायक कचऱ्याच्या देशोदेशीच्या ने-आणीवर लगाम घालणारा बाझल करारही आहे आणि १ जानेवारी २०२५ पासून तो सगळ्याच ई-कचऱ्याला लागू झालाय. पण २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला सीमा ओलांडून गेला तो साधारण ५१ लाख टन. भारतात त्याच वर्षी तयार झाला ४१ लाख टनांच्या आसपास, तुमच्या-आमच्या घरातला आणि ऑफिसातला.

‘फुकट देऊ नका’ हे मात्र मलाही पटतं, फक्त पैसे कुणी द्यायचे हे मेसेजवाला चुकलाय. भंगारवाला जास्त भाव देतो कारण गॅस, ॲसिड, धूर यांचा खर्च त्याच्या हिशेबात नसतो. नोंदणीकृत रिसायकलरला तो करावा लागतो. ही तफावत माल बनवणाऱ्या कंपनीनं भरावी, अशी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांची रचना आहे. कंपनीनं पूर्वी विकलेल्या मालाच्या किती टक्के रिसायकल करवून घ्यायचं, याचं २०२५-२६ साठी उद्दिष्ट ७० टक्के. त्या पैशातून भंगारवाल्याला नुसतं गोळा करून पुढं देण्याचे दाम मिळाले, तर त्याला तोडफोडीत हात घालायची गरज उरत नाही. पण सरकारनं घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी कंपन्यांनी रिसायकलरला किलोला किमान २२ रुपये द्यावेत असं ठरवल्यावर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कांगावा शोधायचाच असेल तर तिथं शोधावा.