तोंड बंद, सल्ले चालू

दाढ काढताना काहीच कळत नाही हो, इंजेक्शन दिलं की अर्धं तोंड आपलं नसतंच. खरी मजा नंतर. डॉक्टरीणबाईंनी दाढेच्या जागी कापसाचा बोळा दाबला आणि सांगितलं, पाऊण तास घट्ट चावून धरा, बोलू नका, थुंकू नका, लाळ आली तर गिळा. थुंकायचं नाही म्हटल्यावर जेवढी लाळ सुटते तेवढी गरम वडा बघूनही सुटत नाही.

आणि नेमके त्याच पाऊण तासात सगळे बघायला हजर. समोरचा उलट बोलू शकत नाही म्हटल्यावर माणसांना काय हुरूप येतो! आत्या म्हणे, आत्ताच्या आत्ता मिठाच्या गरम पाण्याने खळखळून गुळण्या कर. आता हिला खुणांनी कसं सांगू की 24 तास चूळसुद्धा भरायची नाही, तिथे रक्ताची गुठळी धरते, ती निघाली की आतलं हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात आणि मग असं ठणकतं की काढलेली दाढ परवडली. मी हातवारे केले, तिने बादली आणली. शेजारच्या काकूंनी मिश्री सुचवली. दादा अ‍ॅस्पिरिन घेऊन आला, त्याने रक्त आणखी वाहतं, पण आणलं प्रेमाने. मामांनी शहाळं आणलं, वर स्ट्रॉ खोचलेला! ओढून प्यायचं नाही, त्यानेही गुठळी सुटते, म्हणून बोळा काढल्यावर ग्लासात ओतून प्यायलो तर ओठ अजून बधिर, निम्मं पाणी शर्टावर.

थंड आणि मऊ खा असं सांगितलेलं म्हणून बायकोने आईस्क्रीम आणलं, ते पाहुण्यांनी संपवलं. मला गार ताकभात. त्यातलं एक शीत बरोब्बर खड्ड्यात जाऊन बसलं, आणि हात लावायचा नाही, काडी घालायची नाही, जीभ तर ऐकतच नाही, सारखी तिथेच.

दुसऱ्या दिवशी गुळण्यांची परवानगी. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, खळखळ अजिबात नाही, पाणी तोंडात धरायचं, मान हळूच इकडेतिकडे करायची आणि बेसिनमध्ये आपोआप पडू द्यायचं. शीत निघालं एकदाचं. गाल मात्र आदल्या दिवसापेक्षा फुगलेला, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असते म्हणे. तेवढ्यात आत्या आली. हातातला ग्लास बघितला, गाल बघितला आणि म्हणाली, "कालच केल्या असत्यास तर सुजला नसता."