झेडपीला अधिकार द्यायची सोपी रीत

समजा उद्या सकाळी तुम्हाला फोन आला की ग्रामविकास खातं तुमच्याकडे. हसताय काय, आपल्याकडे काहीही होऊ शकतं, तेव्हा तयारी असलेली बरी. शपथ घेऊन बाहेर आलात की माइक तोंडाशी येणार आणि पहिला प्रश्न ठरलेला, साहेब, स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार देणार का? इथे अडखळायचं नाही. "देणार म्हणजे काय, दिलेच समजा" असं म्हणून गाडीत बसायचं. अधिकार द्यायला महाराष्ट्रात आजवर कुणीच नाही म्हटलेलं नाही. पाहुणे जाताना पोराच्या हातात शंभराची नोट ठेवतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की आई म्हणते "दे इकडे, हरवशील", बस, सगळं पंचायत राज त्यात आलं. पाहुणा म्हणजे राज्यघटना, पोरगं म्हणजे झेडपी, म्हणजे आपली जिल्हा परिषद, आणि तुम्ही आता आईच्या जागी आहात. अभिनंदन.

आधी थोडा इतिहास पाठ करा, भाषणात लागतो. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक समिती बसली, १९६१ ला अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हे सगळं हार घालून सांगा. फक्त त्या समितीनं नेमकं काय केलं ते सांगत बसू नका, कारण तिथे अडचण आहे. तिनं कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं, वेगळा सीईओ दिला, आणि आमदार-खासदारांनाही झेडपीचं सदस्य केलं नाही. म्हणजे जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या लोकांनी करायचा, वरच्यांनी त्यात लुडबुड करायची नाही, असं खरंच लिहिलं आणि चक्क अमलातही आणलं. कसली माणसं होती राव.

पण घाबरू नका, पुढच्या दाराने बाहेर काढलेला माणूस मागच्या दाराने आत घेता येतो. त्या मागच्या दाराचं नाव जिल्हा नियोजन समिती, म्हणजे आपली डीपीसी. घटनेत लिहिलंय की या समितीतले किमान चार पंचमांश लोक झेडपी आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. निवडू द्या ना, कोण अडवतंय. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर, आमदार-खासदार निमंत्रित म्हणून पहिल्या रांगेत, आणि झेडपीचा सदस्य मागे बसून चहा कधी येतो ते बघतोय. १९६२ ला ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं तेच आता यजमान आणि घरमालक पाहुणा. पुन्हा त्यात गंमत अशी की पालकमंत्रीपदावरून तुमच्याच सरकारातल्या दोन पक्षांत भांडण लागलं तर जिल्हा तसाच राहतो, रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली होती आठवतंय का. आणि सरकारच बदललं तर आधीच्यांनी मंजूर केलेल्या डीपीसीच्या कामांना स्थगिती द्यायची, जुलै २०२२ मध्ये दिली तशी. गावातला माणूस विचारतो आमचा रस्ता का थांबला, त्याला सांगायचं की वरून स्टे आहे. हा 'वरून' शब्द फार मोलाचा आहे, सांभाळून ठेवा.

आता ७३वी घटनादुरुस्ती. तिचं नाव काढलं की आवाज जरा भरून आला पाहिजे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकराव्या अनुसूचीत २९ विषय, शेती, पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य, सगळं पंचायतींसाठी. बाकीचे मंत्री हे ऐकून घाबरतील, म्हणतील मग आपण करायचं काय. त्यांना शांतपणे कलम २४३ जी वाचायला द्या. तिथे असं म्हटलंय की राज्याचं विधिमंडळ कायदा करून पंचायतींना अधिकार देऊ शकेल. शकेल. देईल असं नाही, दिलेच पाहिजेत असंही नाही. तीस वर्षं महाराष्ट्रच काय, अख्खा देश या एका 'शकेल'वर आरामात झोपलाय.

पैशाचा विषय मात्र नाजूक आहे, तिथे नुसतं शब्दांवर भागत नाही. खाली पैसा पाठवायचाच नाही असं करू नका, बोभाटा होतो. पैसा पाठवा, पण त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून पाठवा. पंधराव्या वित्त आयोगाचं बघा ना, ग्रामीण भागाच्या पैशातला ६० टक्के बंधित, तो फक्त पाणी आणि स्वच्छतेवर, उरलेला ४० टक्के अबंधित होता. अबंधित म्हणजे गावानं हवा तिथे खर्च करावा. सरपंचाला वाटतं चला, निदान एवढा तरी आपला. मग २०२१ मध्ये वरून आदेश येतो की पथदिव्यांची लाइटबिलं याच पैशातून भरा. झालं, अबंधित पैसा बिनबोभाट बंधित झाला. सरपंच ओरडले, काही गावांत दिवे बंद पडले, पण दिवे गेल्यावर ओरडणारा दिसत नाही हाही एक फायदाच म्हणायचा.

आणि गावात खरंच काही करायचंच झालं तर ते २५१५ मधून करा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा गावातल्या मूलभूत सुविधांचा लेखाशीर्षाचा आकडा, पण तालुक्यात तो असा बोलला जातो जणू देवाचं नाव आहे. "दादा, यंदा आपल्या वाडीला पंचवीस-पंधरातून काहीतरी टाका." गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत बनतो, 'आमचं गाव आमचा विकास' म्हणून छान फॉर्म भरले जातात, आणि रस्ता मात्र आमदारांच्या लेटरहेडवर येतो. काँक्रीट ओलं असतानाच बोर्ड लागतो, अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नातून. आमच्याकडे एक गटार आहे ज्याची लांबी बोर्डाच्या रुंदीपेक्षा फार जास्त नाही.

झेडपीकडे मोठा स्टाफ आहे, शिक्षक आहेत, आरोग्यसेविका आहेत, त्याचं काय करायचं असं विचाराल. असू दे की. त्यांच्या बदल्यांचे नियम मुंबईत ठरवा. एके काळी मे महिना आला की झेडपी अध्यक्षांच्या बंगल्यावर शिक्षकांची अशी रांग लागायची की काय पंढरीची वारी, सोबत आंब्याच्या पेट्या. २०१७ च्या धोरणानं शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. खरं सांगायचं तर ते बरंच झालं, शिक्षकांचे हाल थांबले, हे मी मनापासून म्हणतोय, उपरोध नाही. पण धडा लक्षात घ्या, खालच्यांचा गैरकारभार हे अधिकार वर न्यायचं सगळ्यात चांगलं कारण असतं. खाली खाल्लं की अधिकार काढून घ्यायचे. मंत्रालयात खाल्लं तर? तेव्हा चौकशी समिती नेमायची.

अधूनमधून सुधारणा पण करत राहा, नाहीतर लोकांना वाटेल खातं झोपलंय. सगळ्यात सोपी सुधारणा म्हणजे सरपंच. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, लोकशाही बळकट झाली. २०२० ला ते रद्द करून सदस्यांमधून निवडायचं ठरलं, लोकशाही पुन्हा बळकट झाली. २०२२ ला परत थेट जनतेतून. एवढ्या वेळा बळकट झालेली लोकशाही जगात दुसरीकडे कुठे नसेल. सरपंच कसा निवडायचा यावर तुम्ही पाच वर्षं आरामात काढू शकता, निवडून आल्यावर त्यानं काय करायचं हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येतच नाही.

पण हे सगळे किरकोळ उपाय झाले. खरा रामबाण वेगळाच आहे, निवडणूकच घ्यायची नाही.

आता घटना म्हणते की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण करायची. पण तुम्ही नाही म्हणायचंच नाही, तुम्ही म्हणायचं आम्ही तर केव्हाच तयार आहोत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खराच होता, सुप्रीम कोर्टाचा मार्च २०२१ चा निकाल होता, त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ ला आला, त्यात वेळ जाणारच होता. कसब त्याच्या पुढचं. मुंबईचे वॉर्ड २२७ होते, एका सरकारनं २३६ केले, दुसऱ्यानं परत २२७ केले, आणि दोन्ही वेळा कुणीतरी कोर्टात गेलंच. बाकी महापालिकांत एका प्रभागात तीन नगरसेवक की चार, यावर पण असंच. अशा रीतीनं मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. इचलकरंजी महापालिका तर २०२२ ला जन्मली तीच प्रशासकाच्या मांडीवर, नगरसेवक कसा दिसतो हे कळायलाही तिला २०२६ उजाडावं लागलं. बहुतेक जिल्हा परिषदा मार्च २०२२ पासून रिकाम्या होत्या, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका उरका. त्या चार महिन्यांचेही पुढे जानेवारी २०२६ अखेरपर्यंत झाले. कोर्टाची तारीख असली तरी तारीखच ती, वाढतेच.

या काळात कारभार इतका सुरळीत चालतो म्हणून सांगू. झेडपीचा सीईओ हाच प्रशासक, पंचायत समितीचा बीडीओ हाच प्रशासक, महापालिकेत आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी बजेट तयार करायचं आणि ते प्रशासकांना सादर करायचं, प्रशासक ते बघणार, विचार करणार आणि मंजूर करणार. एकमताने. कुणी राजदंड पळवत नाही, कुणी माइक तोडत नाही, दुपारच्या जेवणाआधी सभा संपलेली. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं बजेट असंच, एकाही नगरसेवकाला त्रास न देता पार पडलं. आणि डीपीसीतले ते चार पंचमांश? सदस्यच नाहीत तर निवडून कुठून येणार, तो प्रश्न आपोआप मिटला. एकच जरा खटकतं, निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही अशी अट केंद्रानं घातलीय, त्यामुळे तो अडकतो. पण तो झेडपीचा अडकतो, तुमचा थोडाच.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. गडचिरोलीत मेंढा लेखा नावाचं गाव आहे, तिथले देवाजी तोफा आणि मंडळी "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत. २००९ ला त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा अधिकार मिळवला, निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घेतात. असली माणसं भेटली तर सत्कार करा, शाल द्या, फोटो काढा आणि लगेच दुसरा विषय काढा. त्यांची ही रीत 'राज्यभर राबवणार' असं म्हणालात तर आधी त्यांची गोंडी भाषा शिकायला लागेल असं सचिव सांगतील, ते ऐका.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस एवढं आतलं कसं काय बोलतो. काही नाही हो, आमच्या गावच्या झेडपी शाळेची एक खोली आहे. कौलारू, भिंतीला तडा, पावसाळ्यात पोरं दप्तर डोक्यावर धरून कोपरा बदलत बसतात. ती पाडून नवी बांधायची तर आधी निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ही खोली आता खोली नाही असं सरकारनं मान्य करायचं. शाळा समितीनं ठराव केला, ग्रामपंचायतीनं ठराव केला, केंद्रप्रमुखांनी शेरा मारला, मग फाइल तालुक्याला गेली, मग अभियंता येऊन तड्यात बोट घालून बघून गेले, बोट आत गेलं, त्यांनी मान हलवली. तिथून पुढे ती फाइल जिल्ह्याला गेली आणि सभागृहच नाही म्हणून साहेबांच्या टेबलावर गेली आणि साहेबांची बदली झाली. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा क्लार्कनं फार आपुलकीनं सांगितलं की खोली पडली तर लगेच कळवा, मग आपत्तीच्या निधीमधून करता येतं.

गुरुजींनी तोवर आपल्या पातळीवर विकेंद्रीकरण करून टाकलंय. २०१७ च्या झेडपी निवडणुकीतला एका उमेदवाराचा मोठा फ्लेक्स त्यांनी जपून ठेवला होता, तो कौलांवर उलटा अंथरलाय, वर चार दगड. आठ-नऊ पावसाळे झाले त्याला. वर्गात बसून वर बघितलं की फुटक्या कौलांच्या फटीतून जोडलेले हात दिसतात, तोंड मात्र विरलंय, नाकाच्या जागी भोक पडलंय आणि तिथूनच पाणी बरोबर तिसरीच्या बाकावर पडतं. परवा गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, निवडणूक नक्की कधी आहे ओ? मला वाटलं लोकशाहीची काळजी लागलीय. ते म्हणाले, नाही, यावेळी फ्लेक्स जरा जाड कापडाचा असेल का?