दाढ काढल्यावर लगेच गुळण्या? तो मेसेज डिलीट करा

दाढ काढल्यावर काय करायचं याचा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर सारखा फिरतोय. घरी आल्या आल्या कोमट मिठाच्या पाण्याने जोरजोरात गुळण्या करा, "खराब रक्त" सगळं थुंकून टाका, खड्ड्यात लवंग तेलाचा बोळा नि हळद दाबून भरा, दुखलं तर अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवा, बाहेरून शेक द्या, आणि शेवटी, वरची दाढ काढूच नका, नजर जाते. यातला एकही सल्ला पहिल्या दिवशी पाळायचा नाहीये, आणि लोक तो आपल्या आईवडिलांना पाठवतायत म्हणून हे लिहितोय.

आधी गुळण्या. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो, तो रक्ताने भरतो आणि त्याची गडद लाल, मऊ गुठळी बसते. खाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात, त्यांच्यावर एवढंच काय ते पांघरूण. जोरात चूळ भरली, सारखं थुंकलं, स्ट्रॉने ज्यूस ओढला की ती निघू शकते, मग ड्राय सॉकेट होतं, म्हणजे खड्ड्यातलं हाड उघडं पडतं. दोन-तीन दिवसांनी, म्हणजे बरं वाटायला हवं तेव्हाच, कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो, साध्या गोळीने काही होत नाही. खालच्या अक्कलदाढेला याचा धोका जास्त. मिठाचं पाणी वाईट नाहीच, पण २४ तासांनंतर, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात हळू फिरवायचं आणि नुसतं ओघळू द्यायचं.

"खराब रक्त" असं काही नसतं. लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी तोंडभर लाल दिसतं आणि माणूस घाबरतो. डॉक्टरांनी दिलेला कापूस किंवा गॉझ अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही, लाळ गिळायची.

लवंग तेलाचं म्हणाल तर ड्राय सॉकेट झाल्यावर डेंटिस्ट स्वतः लवंगेतल्या युजेनॉलचं ड्रेसिंग भरतात, ते खरंय, पण ते खड्डा धुऊन, बघून. घरी ताज्या जखमेत बोळा कोंबला तर गुठळी तर हलतेच, वर हळदीचे कण आत अडकून बसतात.

अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवली तर तिथली त्वचा भाजून पांढरी पडते, आणि पोटात घेतली तरी रक्त लवकर थांबत नाही, त्यामुळे दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेलीच गोळी घ्या. पण हार्टसाठी रोज चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका, दाढ काढायच्या आधीच डेंटिस्टला सांगा.

शेक पहिल्या दिवशी नको, बर्फ. फडक्यात गुंडाळून गालावर, १०-१५ मिनिटं ठेवायचा, मग थोडा वेळ काढायचा.

आणि नजर! वरच्या दातांची नस ट्रायजेमिनल नर्व्हची, म्हणजे चेहऱ्याला स्पर्श आणि दुखणं जाणवून देणाऱ्या नसेची, फांदी आहे, दिसण्याची ऑप्टिक नर्व्ह पूर्ण वेगळी. या भीतीने किती आज्या पू झालेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवून बसल्यात, आणि खरा धोका त्या पूचा असतो.

सगळ्यात राग याचा येतो की एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तंबाखूबद्दल एक अक्षर नाही. सिगारेट, गुटखा, मशेरी, यातलं काहीही नको, निदान तीन दिवस तरी, आठवडाभर टाळलं तर फारच चांगलं. मशेरीला कोणी तंबाखू समजतच नाही, "दात घासले" म्हणतात आणि बोट थेट जखमेवर फिरतं.

खायला गार झालेला वरणभात, दहीभात, दुसऱ्या बाजूने. बाकीचे दात रोज घासा, जखम सोडून. खड्ड्यात पिवळट-पांढरा थर दिसला तर तो बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरतेय, काडीने टोकरू नका. तासभर गॉझ दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज वाढत गेली तर डेंटिस्टला फोन करा, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनही नको, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.