हौस कोणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वॉटर पार्कच्या गेटवर माझ्या मुलाच्या पिशवीतून फ्रूटीचे खोके आणि ग्लुकोजची पुडी काढून घेतली, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत. 'ताई' अशी सुरुवात होती, म्हणून शांतपणे वाचायला घेतलं. नियम सगळ्यांना सारखा हवा, खायला आत सगळं मिळतं, अडचण होती तर अपंगत्वाचं कार्ड दाखवायचं नाहीतर आधी फोन करायचा, अमेरिकेतले लाड इथे नकोत, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी हे: "साखरेचा आजार माहीत असताना पोराला दिवसभर उन्हात नाचवायची हौस कोणाची, पोराची की तुमची?"

एक गोष्ट आधीच मान्य करते. गेटवरच्या त्या मुलाला मी लेखात 'अडाणी' म्हटलं, ते चुकलं. नियम त्याने केलेला नाही, उन्हात उभं राहून तो पाळणं एवढंच त्याच्या हातात होतं. तो शब्द मी काढून टाकलाय.

आता 'हौस'.

"एवढ्या उन्हात त्याची साखर कशी सांभाळता?" असं विचारलं असतंत, तर मी दोन पानं आनंदाने लिहिली असती. तुम्हाला ते जाणून घ्यायचंच नव्हतं. तुम्ही आईच्या हेतूवर बोट ठेवलंत, आणि ते बोट माझ्या ओळखीचं आहे. मुलगा सात वर्षांचा होता. कपडे अंगावर ढगळ व्हायला लागले, रात्री चार-चारदा लघवीला उठायचा, तांब्याने पाणी प्यायचा. आधी व्हायरल म्हणून औषधं झाली. आयसीयूत पोचलो तेव्हा त्याला धाप लागली होती, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता आणि साखर पाचशेच्या वर होती. मी बाहेर बाकावर बसले होते, तिथे येऊन नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "लाडात फार गोड दिलंस गं." टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या बाईंचं वाक्य मी कित्येक महिने खरं धरून बसले होते. आज पाच वर्षं झाली. रोजची चार इंजेक्शनं धरली तरी सात हजारांवर झाली. पहाटे तीनला उठून झोपलेल्या पोराचं बोट टोचणं वेगळंच. यातलं तुम्ही काय पाहिलंयत, की माझी हौस काढावी?

हौस त्याची होती, हेही सांगते. शाळेची सहल त्याच पार्कला गेली तेव्हा "जबाबदारी कोण घेणार" म्हणून त्याला घरी ठेवलं. बाकीची मुलं पुढे आठवडाभर घसरगुंड्यांच्याच गप्पा मारत होती, आणि हा ऐकत होता. म्हणून मी नेलं. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला आणि तो २००३ पर्यंत पाकिस्तानसाठी वेगवान गोलंदाजी करत राहिला. तोही उन्हातच. त्याला घरी बसायला सांगणारेही असतील, पण त्याने ऐकलं नाही.

आत सगळं मिळतं, चॉकलेट घ्यायचं, हा तुमचा सल्ला. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर खेळताना एकदम उतरू शकते. ती सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम लगेच रक्तात उतरणारी साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. चॉकलेटमध्ये चरबी असते, त्यामुळे त्यातली साखर उशिरा चढते. म्हणून ज्यूस, ग्लुकोज, नाहीतर साधी साखर. त्या दिवशी दुपारी खाण्याच्या काउंटरवर कुपनाची वेगळी रांग आणि पदार्थांची वेगळी रांग होती. मुलाचे हात थरथरत होते, मीटरवर ६२. चहावाल्याने आमच्याकडे बघितलं आणि रांगेबाहेरून तीन चमचे साखर कागदावर काढून दिली. पुडी पिशवीत असती तर दहा सेकंदांचं काम होतं.

कार्डाचं म्हणाल, तर ते माझ्याकडे नाही आणि मिळणारही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात आहेत, टाइप १ मधुमेह नाही. सल्ला देण्याआधी एवढं बघून घ्यायला हवं होतंत. डॉक्टरांचं पत्र मात्र माझ्याकडे होतं. मी ते गेटवर दाखवलं, पण कोणी उघडूनही बघितलं नाही.

आणि नियम सारखा? सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, सँडविच वर्गात न्यायची परवानगी दिली आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, बस. जिथे चिटोऱ्यासाठी खिसे तपासतात तिथे हे चालतं. मग जिथे फक्त पाण्यात खेळायचं, तिथे दोन फ्रूटींनी काय बुडतं? अमेरिकेतले लाड म्हणालात, तर रांग चुकवायची सवलत मी मागितलेलीच नाही. तिथल्या डिस्नेच्या पार्कांनी ती सवलत २०२४ मध्ये ऑटिझमसारख्या विकासाशी निगडित अडचणींपुरतीच ठेवली, त्यालाही माझी हरकत नाही. पण घरचा खाऊ आणि औषधं तिथे आत नेता येतात.

फोनचं म्हणाल, तर मे महिन्याच्या सुट्टीत अशा ठिकाणी फोन कोण उचलतं हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण मुलगा आता बारा वर्षांचा आहे आणि माझं सगळं लिखाण वाचतो, खालच्या प्रतिक्रियांसकट. परवा रात्री त्याने विचारलं, "आई, माझ्यामुळे तुला बोलतात का?" आधी त्याच्याशी बोलायचं होतं, म्हणून तुम्हाला उत्तर द्यायला दोन दिवस उशीर झाला.