शिंबून घेता का शिंबून

इथे जपानमध्ये आमच्या जपानी क्लासात सध्या पेपरचा धडा चाललाय. शिंबून म्हणजे पेपर, चोकान सकाळचा, यूकान संध्याकाळचा, मिदाशी म्हणजे हेडलाइन, शासेत्सु म्हणजे अग्रलेख. अग्रलेख मी मराठीतपण कधी वाचत नाही त्यामुळे तो शब्द वहीत लिहिला आणि सोडून दिला.

खरा छळ हातात पेपर घेतल्यावर. मजकूर उभा, उजवीकडून डावीकडे, आणि कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्रासारखी अक्षरं, शाळेतून शिकवतात त्याच २१३६, त्यातल्या मला ओळखीच्या किती ते विचारू नका. त्यात मिदाशीत क्रियापदच खाऊन टाकतात! शेवटी नुसता ‘ए’ असला की समजायचं हे होणारे, ‘का’ असला की बहुतेक होईल, नाही झालं तर आम्हाला विचारू नका. आणि देशांची नावं एकेका अक्षरात. अमेरिका म्हणजे तांदळाची कांजी, फ्रान्स म्हणजे बुद्धाची, आपण भारतवाले शिक्क्याची. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिल्या पानावर तांदूळ आणि बुद्ध यांच्यात बोलणी चालू असतात. खऱ्या तांदळाचे भाव वाढले की पेपरवाले मात्र शहाण्यासारखं ‘कोमे’ (म्हणजे तांदूळ) असं काताकानात, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या साध्या लिपीत लिहितात, म्हणजे त्यांनाही माहितीये घोळ होतो ते.

एवढ्यात रविवारी बेल वाजली. दारात पेपरचा सेल्समन, एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात कपडे धुवायच्या पावडरचा खोका. मी म्हणलं, योमेमासेन, वाचता येत नाही हो. तर तो खूश! म्हणे हरकत नाही, शेवटच्या पानावर टीव्हीचे कार्यक्रम असतात, आत सुपरमार्केटचे चिराशी म्हणजे जाहिरातीचे कागद असतात, फोटोवाले, अंड्यांची ऑफर लगेच कळते. वाचता न येणाऱ्याला पेपर विकायला आलेला एवढा प्रामाणिक माणूस मी पहिल्यांदाच बघितला. बायको आतून ओरडली, पावडर कुठली आहे बघ आधी. झालं, तीन महिन्यांचा फॉर्म भरला. दारावर घेतलेल्या गोष्टीला इथे ८ दिवसांत कूलिंग ऑफ, म्हणजे करार रद्द करता येतो, पण तोवर पावडर मशीनमध्ये गेली होती.

आता रद्दी. दोरीने चौकडी बांधून ठरलेल्या दिवशी खाली ठेवायची, किलोला किती वगैरे भानगड नाही, एक येन मिळत नाही. हे आईला फोनवर सांगितलं तर ती पेपरपेक्षा याच बातमीने हादरली. फुकट? मग मी म्हणलं तसं नाही गं, पूर्वी एक गाडी फिरायची, भोंगा लावून, रद्दी दिली की टॉयलेट पेपर द्यायचे.

आई जरा गप्प बसली, मग म्हणाली, “कागदाला कागदच? त्याला विचार, जुन्या साड्यांवर स्टीलची पातेली देतो का.”