पोट तुंबलं म्हणजे विष निघालं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, भिंतीला काळी बुरशी धरली आणि पाठोपाठ तिला थकवा आला. तिकडे खूप फिरणारा एक मजकूर तिने मला पाठवला, सोबत प्रश्न: "तू औषधांच्या दुकानात आयुष्य काढलंस, हे खरं का सांग."

मजकूर थोडक्यात असा. बुरशीचं विष अंगात साठतं. ते 'बाइंडर', म्हणजे विष धरून ठेवणारे पदार्थ, घेऊन बाहेर काढायचं: कोलेस्टिरामीनची पूड, ॲक्टिव्हेटेड चारकोल, बेंटोनाइट माती वगैरे. हे घेतल्यावर पोट फुगलं, मळमळलं, तीन-चार दिवस शौचाला झालं नाही तर घाबरू नका. ती 'डाय-ऑफ'ची, म्हणजे अंगातली बुरशी मरत असल्याची खूण, विष सुटतंय. डोस वाढवा.

आधी मूळ मुद्दा घेऊ: बद्धकोष्ठ म्हणजे विष बाहेर पडत असल्याचं लक्षण. अगं, चार दिवस काहीच बाहेर पडलेलं नाही, आणि विष तेवढं बाहेर पडतंय?

कोलेस्टिरामीन हे कोलेस्टेरॉल उतरवण्याचं जुनं औषध. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर त्याची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल १९८४ मध्ये आले. निम्म्यांना हे औषध, दिवसाला २४ ग्रॅम, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड, सरासरी ७.४ वर्षं. हे लोक वाढलेलं कोलेस्टेरॉल बघून निवडले होते, त्यांच्या घरची ओल कुणी पाहिली नव्हती. तरी पहिल्या वर्षी औषधवाल्यांपैकी ६८ टक्क्यांना पोटाची काही ना काही तक्रार झाली. निरुपयोगी पूड घेणाऱ्यांत हा आकडा ४३ होता. (नुसत्या पुडीनेही इतक्यांचं पोट बिघडतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.) बद्धकोष्ठ आणि छातीतली जळजळ यांत फरक ठळक होता. सातव्या वर्षापर्यंत तक्रारी ओसरून २९ विरुद्ध २६ टक्क्यांवर आल्या. म्हणजे बुरशीचा संबंध नसलेल्या माणसांनाही ही पूड हाच त्रास देते.

का देते, तेही नीट माहीत आहे. यकृतातून पित्त आतड्यात उतरतं. बोलताना आपण 'पित्त झालं' म्हणतो ते नव्हे. ते बहुतेक वेळा पोटातलं ॲसिड असतं. हे पित्त चरबी पचवतं आणि त्यातली सुमारे ९५ टक्के आम्लं लहान आतड्याच्या शेवटाकडून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. जी थोडी मोठ्या आतड्यात पोचतात, ती तिथे पाणी सोडायला लावतात, आतडं हलतं ठेवतात. कोलेस्टिरामीन नेमकी हीच आम्लं धरून ठेवतं, मग मळ कोरडा पडतो. पित्ताशय काढल्यावर काहींना पाण्यासारखे जुलाब लागतात, त्यांना डॉक्टर हीच पूड देतात, कशासाठी? जुलाब थांबावेत म्हणून! एकाचा उपाय तो दुसऱ्याचा अपाय, एवढंच. डोस वाढवला तर पोट आणखी तुंबणार.

'डाय-ऑफ' हा शब्द ज्या प्रतिक्रियेवरून उसना घेतलाय, तिला यारिश आणि हर्क्सहायमर या दोन डॉक्टरांचं नाव आहे. सिफिलिससारख्या आजारात औषधाने जंतू भराभर मरतात, काही तासांत थंडी-ताप येतो आणि साधारण दिवसभरात उतरतो. बाइंडर कुठलाच जंतू मारत नाही. तो आतड्यात राहतो, रक्तात शोषलाही जात नाही. मग मेलं कोण?

पुढचा दावा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: बाइंडर फक्त विषच पकडतो. कोलेस्टिरामीनला विष आणि औषध यांतला फरक कळत नाही. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, हृदयाचं डिगॉक्सिन ते अडवतं. दीर्घकाळ घेतलं तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी पडू शकतात. म्हणून इतर औषधं त्याच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायची असतात. माझी बहीण थायरॉइडची गोळी आणि ही पूड सकाळी एकाच पाण्याबरोबर घेत होती. आता बघा, गोळी अंगी लागली नाही तर काय होतं? थकवा, जडपणा, विसरभोळेपणा, बद्धकोष्ठ. मजकुरात बुरशीची म्हणून दिलेली यादी हीच. त्रास वाढला की पूड वाढवायची, पूड वाढली की गोळी आणखी वाया. तिची थायरॉइडची टीएसएच तपासणी करायला लावली, आकडा चढलेला निघाला, म्हणजे गोळी पुरी पडत नव्हती.

चारकोल आणि माती नैसर्गिक, म्हणून निर्धोक? चारकोलची जागा इस्पितळात आहे. विषबाधेनंतर शक्यतो पहिल्या तासाभरात, तेही काही ठरावीक विषांसाठी. रोज घेतल्यास तोही इतर औषधं शोषतो, आणि शौचाला काळं होत असल्याने आतला रक्तस्राव लपू शकतो. बेंटोनाइटबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता, काही मातीत शिसं सापडलं म्हणून. शिशाच्या विषबाधेत पोटात कळा येतात आणि बद्धकोष्ठ होतं. झालं, तेही 'डाय-ऑफ'मध्येच जमा.

त्या मजकुरात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असेल तर विशिष्ट माती ते आतड्यातच धरते. घानामध्ये माणसांवरही तसा प्रयोग झाला आणि रक्तातल्या खुणा कमी झाल्या. अफ्लाटॉक्सिन साधं नाही: १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. पण ते विष खाल्लेलं होतं, अन्नाबरोबर आतड्यात आलेलं. ओल्या घराने होणाऱ्या त्रासाचा पक्का पुरावा आहे तो नाक, घसा, खोकला आणि दम्याचा. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा २००४ चा अहवाल हेच सांगतो. लघवीतलं बुरशीचं विष मोजणाऱ्या चाचण्यांवरून निदान करू नये, असं तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१५ मध्ये बजावलं.

मग करायचं काय? गळती शोधायची. भिजलेलं २४ ते ४८ तासांत वाळवायचं, हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवायची. भिंतीला ओल असताना वर रंग मारू नका. आपल्याकडे दर मे महिन्यात हे होतं आणि ऑगस्टात पोपडे येतात. शिंका, खोकला, धाप असेल तर ॲलर्जीची तपासणी, नाकातला स्प्रे, इन्हेलर. दमा असून कफात तपकिरी गुठळ्या पडत असतील तर छातीच्या डॉक्टरांकडे लगेच. नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप हे आधी पाहायचं.

डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी कोलेस्टिरामीन दिलं असेल तर परस्पर बंद करू नका. पूड कोरडी गिळायची नाही, भरपूर पाण्यात कालवून घ्यायची. बद्धकोष्ठ झालं तर डोस कमी करण्याबद्दल विचारा, तंतुमय जेवण वाढवा. कोलेसेव्हेलाम हे त्याच जातीचं औषध बऱ्याच जणांच्या पोटाला सोसतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. पोट ताठ फुगलं, वारा सरेना, उलट्या लागल्या तर इस्पितळ गाठा.

बहिणीकडे शेवटी दोष निघाला तो छपराच्या पन्हाळीचा, पाणी थेट पायापाशी पडत होतं. ते वळवलं. पुडीचा डबा अजून तिच्या फडताळात आहे. बेसमेंटमधल्या डिह्युमिडिफायरची टाकी मात्र ती रोज संध्याकाळी रिकामी करते.