काका, तो 'दहशतवादी पालक' वाला मेसेज आधी डिलीट करा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांनी सांगलीहून पहाटे सहाला एक फॉरवर्ड टाकला, म्हणजे आमच्याकडे व्हर्जिनियात आदल्या रात्रीचे साडेआठ, जेवणं चालली होती, मी बघून न बघितल्यासारखं केलं. काका रोज चार टाकतात, कोणी वाचत नाही, हे त्यांनाही माहितीये. पण दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेचा फोन. "ताई, मी मंगळवारच्या मीटिंगला नाही जात गं. हा म्हणतोय आपण व्हिसावर आहोत, उगाच कुठल्या यादीत नाव जायला नको."

आता मीटिंग कसली, तर स्कूल बोर्डाची, म्हणजे इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाची. तिचा मुलगा पहिलीत आहे, त्याचा बसस्टॉप मोठ्या रस्त्याच्या पलीकडे नेलाय, जिथे फुटपाथच नाहीये. तिने तीन ईमेल टाकले, तिन्ही वेळा 'आपण कळवल्याबद्दल आभारी आहोत' छाप उत्तर आलं, म्हणून ती बोर्डासमोर तीन मिनिटं बोलणार होती. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर, तेही इंग्रजीत. आमच्या किचनमध्ये मायक्रोवेव्हचा टायमर लावून आम्ही दोघींनी पाच वेळा प्रॅक्टिस केली, पाचव्यांदा दोन मिनिटं पन्नास सेकंदात बसलं, तर पोरगी टाळ्या वाजवायला लागली. ते सगळं एका मेसेजने पाण्यात. म्हणून लिहितेय, आणि वैतागून लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेत शाळेच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना सरकारने दहशतवादी घोषित केलं. एफबीआयने हजारो पालकांना आत टाकलं. मुलीवर अत्याचार झाला म्हणून बोलायला गेलेल्या बापाला बेड्या ठोकल्या. बोर्डाच्या लोकांना धमक्या आल्या हे मीडियाचं नाटक. आणि व्हिसावाल्यांनी तर मीटिंगच्या दारातही उभं राहू नये, नावं टिपून घेतात. शेवटी अर्थातच, दहा ग्रुपना पाठवा.

पहिलं, 'दहशतवादी घोषित केलं'. हा माल २०२१ चा आहे, दर थोड्या दिवसांनी नवीन पॅकिंगमध्ये येतो. तेव्हा कोविडच्या मास्कवरून, वंशवादाबद्दल शाळेत काय शिकवायचं यावरून, ट्रान्सजेंडर मुलांच्या नियमांवरून देशभर बोर्डाच्या मीटिंगांमध्ये राडे चालले होते. २९ सप्टेंबर २०२१ ला नॅशनल स्कूल बोर्ड्स असोसिएशनने तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांना पत्र लिहिलं की आमच्या लोकांना धमक्या येतायत, मदत करा, आणि त्यात असं एक वाक्य घातलं की ही कृत्यं 'देशांतर्गत दहशतवादासारखी' ठरू शकतात. ही असोसिएशन म्हणजे सरकार नाही, ती राज्याराज्यांतल्या बोर्डांच्या संघटनांची शिखर संस्था. ते वाक्य मूर्खपणाचं होतं. हे मी म्हणत नाहीये, त्यांनीच २२ ऑक्टोबरला माफी मागितली आणि पत्रातल्या काही भाषेचं समर्थन होऊच शकत नाही असं लिहून दिलं. त्या पायी कितीतरी राज्यांच्या संघटना त्यांना सोडून गेल्या.

सरकारने काय केलं? ४ ऑक्टोबरला तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्राच्या न्याय खात्याचे प्रमुख, मेरिक गार्लंड यांनी एक मेमो काढला. एक पान. काका, एकच पान आहे, तुमच्या वीजबिलाला त्याहून जास्त मजकूर असतो. त्यात 'दहशतवाद' हा शब्द नाही. 'पालक' हा शब्दसुद्धा नाही. धोरणावर कडाडून वाद घालणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, पण हिंसेच्या धमक्या देणं आणि मतांवरून माणसांना घाबरवणं त्या हक्कात येत नाही, असं त्यात लिहिलंय, आणि एफबीआयने तीस दिवसांत ठिकठिकाणच्या पोलिसांसोबत बैठका घ्याव्यात म्हटलंय. ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारणं वेगळं आणि रात्री त्याच्या दारावर जाऊन 'बघून घेतो' म्हणणं वेगळं, हे गावात शेंबड्या पोराला कळतं. मेमो एवढंच म्हणत होता.

बरं, थोडंसं तुमचंही मान्य करते, नाइलाजाने. त्याच दिवशी या धमक्यांसाठी टास्क फोर्सची, म्हणजे खास पथकाची, जी घोषणा झाली त्यात न्याय खात्याच्या नॅशनल सिक्युरिटी विभागाचंही नाव होतं, आणि नंतर एफबीआयने अशा तक्रारींना फायलीत एक वेगळा टॅग लावायला सांगितलं, त्या ईमेलवर दहशतवादविरोधी विभागाच्या साहेबाचंही नाव होतं. लोकांना शंका आली तर ती काही आभाळातून पडली नव्हती. एका बाईने बोर्डाला 'वी आर कमिंग फॉर यू' म्हटलं, कोणीतरी तिची टिप दिली की ही उजव्या विचारांच्या आयांच्या ग्रुपात आहे आणि हिच्याकडे बंदूक आहे, तर एफबीआयवाल्यांनी तिची चौकशी केली. ती म्हणाली, मी निवडणुकीत पाडण्याबद्दल बोलत होते. विषय संपला. ही चौकशी व्हायला नको होती असं माझंही मत आहे, कोणीही टिप देतो आणि ह्यांनी धावायचं का.

पण 'हजारो आत टाकले'? इथे मला एकच कागद पुरतो, कारण तो बायडेनच्या विरोधकांचाच आहे. अमेरिकी संसदेच्या हाउस ज्युडिशियरी कमिटीने, म्हणजे रिपब्लिकन बहुमताच्या आणि जिम जॉर्डन अध्यक्ष असलेल्या कमिटीने, मार्च २०२३ मध्ये याच मेमोवर रिपोर्ट काढला. गार्लंडला उघडं पाडायचं म्हणूनच काढला होता, सगळी कागदपत्रं मागवून. त्यात सापडलं काय? एफबीआयने अशा प्राथमिक तपासण्या उघडल्या २५. त्यातल्या दहशतवादविरोधी विभागाकडे गेल्या ६. आणि केंद्राकडून अटक किंवा आरोपपत्र किती जणांवर, तर शून्य. साडेतेहतीस कोटींच्या देशात २५ फायली. ज्यांना हजारो पालक आत गेलेले दाखवायला सर्वात जास्त आवडलं असतं त्यांना एक सापडला नाही, आणि तुमच्या फॉरवर्डवाल्याला हजारो सापडले. काही पालकांनी मेमोविरुद्ध कोर्टात केससुद्धा केली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती फेटाळली गेली, आणि फेटाळणाऱ्या न्यायाधीश डॅबनी फ्रेडरिक यांची नेमणूक ट्रम्प यांनी केलेली, तेव्हा तिथेही 'बायडेनचा माणूस' म्हणायची सोय नाही.

मुलीच्या बापाचं. यावर मी तोंड सांभाळून बोलते, कारण ती गोष्ट खरी आहे आणि वाईट आहे. लाउडन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), आमच्यापासून फार लांब नाही. २०२१ च्या मे महिन्यात एका मुलीवर शाळेच्या बाथरूममध्ये लैंगिक अत्याचार झाला. २२ जूनला बोर्डाची मीटिंग होती, अडीचशेच्या आसपास लोकांनी बोलायला नावं दिलेली, आरडाओरडा वाढला तसा बोर्डाने मधेच लोकांचं बोलणं बंद केलं, आणि त्या गोंधळात त्या मुलीच्या बापाला धरलं. त्याच मीटिंगमध्ये सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथल्या सगळ्या शाळांचे मुख्य अधिकारी, सांगत होते की बाथरूममध्ये अत्याचार झाल्याची आमच्याकडे नोंदच नाही. पुढे ग्रँड ज्युरीने, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाने, शाळा प्रशासनाची सालं काढली, डिसेंबर २०२२ मध्ये सुपरिंटेंडंटला घालवलं, आणि २०२३ मध्ये गव्हर्नरने त्या बापाला माफी दिली. असोसिएशनच्या पत्राच्या तळटिपांमध्ये त्या रात्रीचा दाखला 'बघा कसे गोंधळ होतात' म्हणून दिला होता, ही तर लाज वाटण्यासारखी गोष्ट. पण त्याला पकडलं ते काउंटीच्या शेरीफच्या माणसांनी, म्हणजे स्थानिक पोलिसांनी, जूनमध्ये. मेमो ऑक्टोबरचा. एफबीआयचा संबंध येतो कुठे? त्या माणसाचं दुःख खरं आहे म्हणून त्याच्या पाठीवर बसून बाकीची थापेबाजी पुढे ढकलायची, हे मला सर्वात जास्त खटकलं.

आता 'धमक्या म्हणजे मीडियाचं नाटक'. ह्यावर मी थांबणार आहे, घाई असेल त्यांनी चहा टाकून या.

स्कूल बोर्ड म्हणजे कोण हे सांगलीत बसून कळत नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे नगरपालिकेचं शिक्षण मंडळ असायचं तसं काहीतरी, पण बहुतेक ठिकाणी थेट निवडून दिलेलं. देशात शाळांचे असे तेरा हजारांच्या आसपास जिल्हे आहेत. बसणारे कोण, तर रिटायर्ड मास्तर, दातांचे डॉक्टर, कुणाची तरी आई. अनेकांना पगार नाही, असला तर पेट्रोलपुरता. महिन्यातनं एक-दोन संध्याकाळी प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या पुढे ठेवून बसतात आणि बजेट, बसचे रूट, कुठल्या गल्लीतली पोरं कुठल्या शाळेत जाणार असलं ठरवतात. त्यांना सुरक्षारक्षक नसतात, आणि घरचा पत्ता शोधायला कोणाला दोन मिनिटं लागत नाहीत.

फ्लोरिडात ब्रेव्हर्ड काउंटीत जेनिफर जेंकिन्स म्हणून बोर्डावर होत्या. मास्कच्या बाजूने मत दिलं. त्यांनी २०२१ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की घरासमोरच्या लॉनवर तणनाशक टाकून शिवीची दोन अक्षरं जाळली. घरासमोर लोक जमून ओरडायचे. मग कोणीतरी बालकल्याण खात्याला खोटी तक्रार केली की ही बाई पोरीला मारते, आणि तपासनिसाला त्यांच्या पाच वर्षांच्या पोरीचे कपडे वर करून भाजल्याच्या खुणा आहेत का ते बघावं लागलं. पाच वर्षांची पोर हो. जाळायचं तेवढं लॉन जाळलंत, ठीक आहे, गवत परत येतं.

टेनेसीत फ्रँकलिनला ऑगस्ट २०२१ मध्ये मास्कच्या बाजूने बोलून बाहेर पडणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना पार्किंगमध्ये घेरून 'तुम्ही कोण आहात माहितीये, आम्ही तुम्हाला शोधून काढू' म्हणणारे लोक व्हिडिओत आहेत, कोणालाही बघता येतो. त्यात मीडियाने कोणाच्या तोंडात काय घातलं? आमच्याच व्हर्जिनियात पेज काउंटीत जानेवारी २०२२ मध्ये एक आई माइकवर म्हणाली की सोमवारी माझी पोरं मास्क लावून येणार नाहीत, आणि घरातली प्रत्येक बंदूक भरून आणीन. तिच्यावर स्थानिक पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पेनसिल्व्हेनियात काउंटीच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार सभेत म्हणाला, मी वीस दणकट माणसं घेऊन बोर्डात जाणार, ते स्वतः उठतील नाहीतर आम्ही उठवू. रॉयटर्सने २०२२ मध्ये पंधरा राज्यांतल्या तेहतीस बोर्ड सदस्यांशी बोलून, त्यांना आलेले मेसेज वाचून बातमी केली, त्यात नुसत्या धमक्यांचे आणि छळाचे २२० च्या वर मेसेज होते.

आणि हे सगळे 'काळजीत पडलेले पालक' होते का? शिकागोजवळ डाउनर्स ग्रोव्हमध्ये लायब्ररीतल्या एका पुस्तकावरून वाद चालला होता तेव्हा मीटिंगला प्राउड बॉइज या कडव्या उजव्या संघटनेचे लोक हजर होते. तीच संघटना जिचे पुढारी ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यात दोषी ठरले. त्यांना कुठल्या वर्गातल्या पोराचा होमवर्क बघायचा होता?

सर्वात कहर म्हणजे ॲरिझोनातलं व्हेल नावाचं गाव. एप्रिल २०२१. मास्कविरोधी लोक बोर्डाच्या ऑफिसात घुसले, बोर्डाने मीटिंग रद्द केली, तर ह्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की बोर्डाने जागा सोडली म्हणजे ती रिकामी, आणि आपसात हात वर करून स्वतःलाच नवीन बोर्ड म्हणून निवडून घेतलं. खरंच. बिनविरोध! आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये हे सुचलं असतं तर पार्किंगचा प्रश्न केव्हाच सुटला असता. हसू येतं, पण आतमध्ये जे पाच जण बसले असतील त्यांना त्या दिवशी हसू आलं नसणार.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं. 'व्हिसावाल्यांची नावं टिपतात.' हो, टिपतात. फॉर्मवर नाव लिहावं लागतं, पत्ताही विचारतात, कारण तुम्ही त्या भागातले आहात का ते बघायचं असतं आणि वेळ वाटून द्यायचा असतो, आणि नाव पुकारलं नाही तर माणूस उठणार कसा? मी स्वतः दोनदा बोललेय, एकदा तर व्हिसावर असताना. समोर हिरवा दिवा, शेवटच्या मिनिटाला पिवळा, मग लाल, आणि लाल लागला की माइक बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी. माझं अर्धंच राहिलं होतं. त्यानंतर घरी कोणी आलं नाही, बोर्डाचं उत्तरसुद्धा नाही आलं, खरं दुखणं ते आहे. मेमोत व्हिसाचं अक्षर नाही. सध्या व्हिसावर असणाऱ्यांच्या पोटात गोळा असतो हे मला कळतं, मी त्याला हसत नाहीये. पण तो गोळा विमानतळाचा आहे, स्टॅम्पिंगचा आहे, नोकरी जाण्याचा आहे. पहिलीतल्या पोराने फुटपाथ नसलेला रस्ता ओलांडू नये एवढं सांगण्याला तो चिकटवलात म्हणजे काय झालं, तर वीस दणकट माणसं घेऊन येणारा येतोच आहे, त्याला कुठल्याही फॉरवर्डने घाबरवलेलं नाही. घरी बसली ती आमची जाऊ.

फॉर्म सोमवारी दुपारी बारापर्यंत आहे, तिला लिंक परत पाठवलीये, पोराला मी सांभाळते म्हटलंय. ती 'बघते' म्हणाली. आणि काका, तुम्ही टाकलेला मेसेज तुमच्या किंवा ग्रुप ॲडमिनच्याच फोनवरून जातो, मला इथून काढता येत नाही. मेसेजवर बोट दाबून धरायचं, डब्याचं चिन्ह येतं, त्यात 'डिलीट फॉर एव्हरीवन'. अजून दोन दिवस झालेले नाहीत, होतं डिलीट.